लाल थर दर महिन्याला परत येतोय? दोन फुटी रीफ टँकमधून वाळू कशी काढली ते सविस्तर

प्रॉब्लेम आधी नीट सांगतो म्हणजे तुमचा तोच आहे का ते कळेल. दोन फुटी टँक, २४ बाय १५ बाय १५ इंच, काठोकाठ धरला तर ८८ लिटर, खाऱ्या पाण्याचा, धुळ्यात आमच्या हॉलमध्ये चार वर्षांपासून चालू. मासे म्हणजे दोन क्लाउनफिश आणि एक सिक्स लाइन रॅस, आणि कोरल म्हणजे प्रवाळ, त्यात झोआ, मशरूम, एक टोडस्टूल लेदर आणि कोपऱ्यात झेनिया. खाली अडीच इंच अरागोनाइट वाळू. आणि त्या वाळूवर दर पाच-सहा आठवड्यांनी लाल-जांभळट सायीसारखा थर. सकाळी लाईट लागतो तेव्हा जवळपास काही नसतं, दुपारपर्यंत पसरतो, त्यावर बारीक बुडबुडे धरतात, पाईप लावला की दुधावरची साय निघावी तसा अख्खा निघून येतो, आणि चार दिवसांनी परत त्याच जागी.

सगळे याला लाल शेवाळ म्हणतात पण ते शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया आहे, म्हणजे जिवाणूच, उजेडावर जगणारे. म्हणून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी त्याला तोंड लावत नाहीत, उगाच गोगलगायींवर पैसे घालवू नका.

मी दोन वर्षं काय काय केलं ते ऐका. तीन दिवस टँकला चादर गुंडाळून अंधार केला, गेला, महिन्याने परत. अँटिबायोटिकवालं औषध टाकलं, दोन दिवसांत पांढरा पडून गेला, स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं मशीन, आठवडाभर वेड्यासारखा फेस ओकत होता, पाच आठवड्यांनी परत. फॉस्फेट ओढणारं ते तपकिरी दाणेदार मीडिया लावलं, जीएफओ म्हणतात ते, टेस्ट किटमध्ये फॉस्फेट ०.१५ पीपीएमवरून ०.०३ वर आलं, मला वाटलं सुटलो, मीडिया काढून पंधरा दिवस झाले आणि रीडिंग परत ०.१२. खाणं अर्धं केलं, मासे बारीक दिसायला लागले, थर काही हटला नाही.

परत परत का येतो याचं उत्तर त्या जीएफओवाल्या रीडिंगमध्येच होतं, मला ते वाचायला वेळ लागला. अरागोनाइट वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेटला धरून ठेवतं. पाण्यात फॉस्फेट जास्त असलं की वाळू ते ओढून घेते, पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडते. म्हणजे चार वर्षांचं खाणं आणि घाण वाळूच्या खात्यात जमा होती आणि मी वरून जेवढं काढत होतो तेवढं ती खालून भरून देत होती. त्यात दाण्यांच्या मधे अडकलेलं सडकं, माशांची विष्ठा, मेलेले किडे, हे वेगळंच. पाणी टेस्टला चांगलं दिसतं आणि वाळूला चिकटलेला थर मात्र मजेत वाढतो, कारण त्याचं जेवण त्याला बुडाशीच मिळतंय.

अडीच इंच ही जाडीसुद्धा वाईट आहे हे मला नंतर पटलं. एक इंच किंवा कमी वाळू असली तर ती दर आठवड्याला पाईपने धुता येते. चार इंच किंवा जास्त असली तर खालच्या थरात ऑक्सिजन पोचत नाही आणि तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात, काही लोक मुद्दाम तसं ठेवतात. मधली दोन-अडीच इंचवाली धड धुता येत नाही आणि धड खोलही नाही, छोट्या टँकमध्ये तर ती नुसती घाणीची कोठी होते. दिसायला मात्र छान दिसते, म्हणून सगळे तेवढीच टाकतात, मीही टाकली.

पण वाळूवर आळ घेण्याआधी टॉप-अपचं पाणी बघा, हे मी हात जोडून सांगतो. आपल्याकडे धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठेही घ्या, उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की पंखा लावलेल्या दोन फुटी टँकमधून रोज दोन-दोन लिटर पाणी उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, मीठ आणि बाकी सगळं मागे राहतं, आणि त्या जागी आपण जे ओततो त्यातला सगळा कचरा टँकमध्ये साठत जातो. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ९०० च्या आसपास आहे, घरातल्या प्यायच्या आरओतून ८० येतं, कारण त्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायचा नॉब असतो. माणसाला ते ठीक, रीफला नाही. आणि शेतीपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात युरियातला नायट्रेट उतरलेला असू शकतो. म्हणून आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार ओढून घेणारा, फिल्टर लावून मीटरवर शून्य आणा, दोन महिने त्या पाण्यावर चालवा, तरीही थर आला तर मग खाली बघा. मी शून्य टीडीएसवर वर्षभर होतो तरी येत होता, म्हणून पुढे गेलो.

वाळूच दोषी आहे का हे पकडायची एक साधी रीत आहे आणि मला वाटतं ती सगळ्यांनी करावी, नुसत्या अंदाजावर टँक उपसू नका. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. तिला एअर पंपाच्या कडक पाईपचा सहा-सात इंचाचा तुकडा जोडा, मधे मऊ पाईपचा छोटा तुकडा घातला की घट्ट बसतो. तो कडक पाईप हळूच वाळूत तळापर्यंत उभा घुसवा, अगदी संथ, दांडा इतका हळू ओढा की वरचं पाणी खाली ओढलं जाणार नाही. १० मिली पुष्कळ झालं. ते पाणी गढूळ येतं, गढूळ पाण्यात किटचा रंग चुकतो, म्हणून कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळून घ्या. मग त्याची फॉस्फेट आणि अमोनियाची टेस्ट करा आणि शेजारी टँकच्या वरच्या पाण्याची तीच टेस्ट. माझ्याकडे वरच्या पाण्याचा फॉस्फेटचा रंग फिका आकाशी, आणि वाळूतल्या पाण्याचा शाईसारखा गडद निळा, कार्डवरच्या शेवटच्या चौकोनाच्याही पुढे. अमोनिया वर शून्य, खाली हिरवागार. दोन परीक्षानळ्या खिडकीत शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसलो होतो, दोन वर्षांचं कोडं तिथे समोर उभं होतं. काचेच्या बाजूने काळी रेघ दिसते तीही बघा, पण तिच्यावर एकट्या विसंबू नका, काचेला चिकटून उजेडाने वाढलेलं शेवाळसुद्धा काळपट दिसतं. सिरिंजमधल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास आला तर मग शंका नको, तो हायड्रोजन सल्फाइड आहे.

आता कोणी काढू नये तेही सांगतो. टँक वर्षाच्या आतला असेल तर वाळू काढू नका, दर आठवड्याला पाणी बदलताना चौथा हिस्सा वाळू हलक्या पाईपने धुवा, पुरतं. वाळूत झोपणारा रॅस असेल, वाळू चाळणारी गोबी असेल, पिस्टल श्रिंप म्हणजे कोळंबी असेल तर त्यांची सोय आधी करा. क्लाउनला वाळूचं काही देणंघेणं नाही, सिक्स लाइन दगडाच्या कपारीत झोपतो. माझ्याकडच्या नासारियस गोगलगायी दिवसभर वाळूत गाडून राहायच्या, त्या मी जळगावच्या एका मित्राला देऊन टाकल्या, त्याच्याकडे मोठी वाळू आहे.

आणि एकदम सगळी काढू नका. हे मी वाचून सांगत नाहीये, दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी हे करून बसलोय. रविवार होता, थर बघून डोकं फिरलं, म्हटलं आज निकाल लावतो, आणि मोठा दगड उचलून वाळूत प्लास्टिकचा डबा घालून वाळू काढायला सुरुवात केली. तिसऱ्याच डब्याला दगडाखालून काळा ढग उठला, अख्ख्या टँकभर पसरला, आणि वास असा की आई मागच्या खोलीतून बाहेर आली, म्हणाली, "कसाना वास यी ऱ्हायना रे भाऊ, नाली तुंबनी का?" बाहेर ४३ डिग्री, टँकचं पाणी तीसला टेकलेलं, गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी धरतो, त्यात हा काळा गाळ पाण्यातला उरलेला ऑक्सिजन खायला बसला. आणि संध्याकाळी पाचला लाईट गेली. क्लीनर श्रिंप अर्ध्या तासात आडवा झाला. क्लाउनची जोडी वर येऊन तोंड उघडझाप करत होती, मी तांब्याने पाणी उंचावरून ओतत होतो, दोन तास, हात भरून आला तरी थांबलो नाही. क्लाउन वाचले. श्रिंप तीन वर्षांचा होता, हातावर येऊन बसायचा. त्या दिवशी अर्धी काढलेली वाळू तशीच सोडून दिली आणि पुढे दीड वर्ष हात लावायची हिंमत झाली नाही.

का झालं ते समजून घ्या म्हणजे पुढची रीत पटेल. वाळूच्या खालच्या थरात सल्फाइड आणि अमोनिया कोंडलेले असतात, ते दाणा न दाणा हलवला की एकदम पाण्यात येतात. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३, इतक्या पीएचला अमोनियाचा विषारी हिस्सा गोड्या पाण्याच्या मानाने जास्त असतो, म्हणून गोड्या टँकमध्ये चालून जाणारी चूक इथे चालत नाही. शिवाय टँकमधले कितीतरी कामाचे जिवाणू वाळूच्या दाण्यांवर बसलेले असतात, ते एका दिवसात बादलीत गेले तर दगडावरच्या जिवाणूंना तेवढा भार उचलायला वेळ मिळत नाही. पट्टा-पट्टा काढला तर मिळतो.

वेळ कोणती धरायची हे खान्देशात फार महत्त्वाचं आहे. मार्च ते जून विसरा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला पारा सहा-सातपर्यंतही उतरतो, टँकमध्ये हीटर असतो पण बादलीतलं नवीन पाणी रात्रभरात गार पडतं आणि तसंच ओतलं तर झटका बसतो, जमतं पण बादलीला वेगळा हीटर पाहिजे. मला सगळ्यात बरी वाटली ती दिवाळीनंतरची वेळ, भरताची वांगी बाजारात यायला लागतात ते दिवस, पाणी हीटरशिवायही २५-२६ ला राहतं, लाईटही उन्हाळ्याइतकी जात नाही. मी चार पट्टे केले, दोन पट्ट्यांत दहा-बारा दिवस, म्हणजे सगळं मिळून सव्वा महिना गेला. घाई करायची नाही भो, हे एकच.

सामान फार लागत नाही. पाईप मात्र नीट निवडा. आमच्याकडे शेतात ठिबकची १६ एमएमची नळी पडलेली होती, तीच आधी घेतली, पण ती काळी असते, आत काय चाललंय दिसत नाही आणि कुठे तुंबलं कळत नाही. मग हार्डवेअरच्या दुकानातून गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक ट्यूब आणली, आतून १२ एमएम, तीन मीटर. याहून बारीक घेतली तर वाळू अडकते, याहून जाड घेतली तर वाळू यायच्या आत पाणीच सगळं निघून जातं. दोन बादल्या, एक घमेलं, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि डोळ्याला चष्मा. हातमोजे-चष्म्याला हसू नका, झोआ आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, दगड हलवताना एखादा पॉलिप चिरडला आणि तोच हात डोळ्याला लागला तर दवाखान्यात जावं लागतं. वाळूतल्या ब्रिसल वर्मचे केसही बोटात घुसून आठवडाभर चुरचुरतात.

पाणी आदल्या रात्री करून ठेवा. मी दर वेळी १५ लिटर करायचो, शून्य टीडीएसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३७-३८ ग्रॅम रीफ सॉल्ट, पण खरं माप खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरचं, १.०२६, म्हणजे ३५ पीपीटी, हजारात ३५ भाग मीठ, टँकला जेवढं आहे तेवढंच. रात्रभर पंप फिरू द्या, सकाळी तापमान आणि खारटपणा परत बघा. बॅटरीचा एअर पंप चार्ज करून शेजारी ठेवा, पॉवर कट सांगून येत नाही. पाणी गाळायचा ताजा कार्बन धुवून तयार ठेवा. दोन दिवस आधीपासून खाणं अर्धं करा.

आता पट्टा कसा काढायचा. पहिला पट्टा दगडांपासून लांबचा, मोकळा, शक्यतो समोरचा घ्या, म्हणजे हात बसतो. माझ्या टँकमध्ये डावीकडचे सहा इंच मोकळे होते. आधी हीटर बंद करा, पाणी खाली गेलं आणि तापलेला हीटर उघडा पडला तर काच तडकते. वेव्हमेकर, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, बंद, नाहीतर उडालेली घाण सगळ्या कोरलवर बसते. स्किमर आणि एअर स्टोन चालू राहू द्या. खिडकी उघडा.

पाईपचं तोंड वाळूत खुपसून ढवळायचं नाही, ही खरी खुबी आहे. तोंड वाळूच्या पृष्ठभागाला तिरपं टेकवायचं, जसं आपण ताकावरचं लोणी बोटाने ओढून घेतो तसं वरचा पापुद्रा ओढत ओढत खाली जायचं. पाईपचं दुसरं टोक बादलीत, त्याच्यावर डाव्या हाताचा अंगठा. वाळू जाड यायला लागली की मोकळा सोडायचा, नुसतं पाणी यायला लागलं की दाबायचा. पहिल्या दोन मिनिटांत हाताला अंदाज येतो. पारदर्शक पाईपमधून आधी पिवळसर वाळू जाते, मग राखाडी, आणि तळाशी पोचलात की काळी, त्या वेळेला पाईप जागेवरून हलवू नका, तो काळा भाग जिथल्या तिथे पाईपमध्ये गेला पाहिजे, पाण्यात उडाला नाही पाहिजे. तळाची काच दिसली की इंचभर पुढे सरका. दोन-तीन मिनिटांत १० लिटर पाणी जातं, म्हणून मी एका दमात करत नव्हतो, पाच लिटर काढायचो, पाईप दाबून थांबायचो, पाणी निवळू द्यायचो, मग पुढे. १५ लिटर संपलं की त्या दिवसाचं काम संपलं, पट्टा अर्धा राहिला तरी. बादलीतलं वरचं पाणी स्वच्छ दिसलं तरी परत टँकमध्ये ओतायचं नाही, तेच पाणी काढण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

पट्ट्याच्या कडेला उरलेली वाळू घसरून मोकळ्या जागेत येते, त्याला मी प्लास्टिकची फूटपट्टी आडवी उभी करून बांध घातला, बाराबारा दिवस तो तसाच राहिला. नवीन पाणी हळूहळू भरा, वेव्हमेकर लावा, हीटर लावा, कार्बन लावा. त्या दिवशी मासे उपाशी. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी अमोनिया टेस्ट. ०.२५ दिसला तर लगेच १० टक्के पाणी बदला, अमोनिया बांधणारं औषध घाला, आणि पुढचा पट्टा रीडिंग शून्यावर येऊन आठवडा होईपर्यंत पुढे ढकला. मला दुसऱ्या पट्ट्याला तसा आला होता, म्हणून तिथे अठरा दिवस थांबलो, आणि शेवटच्या दोन पट्ट्यांना जराही आला नाही.

दगडाखालची वाळू हे सगळ्यात अवघड काम. दगड वाळूवर बसलेला असेल तर खालची वाळू गेली की दगड कलंडतो, काचेवर आदळला तर टँक गेला. माझे दोन दगड वाळूवर होते, तिसरा त्यांच्यावर टेकलेला. आधी वरचा काढून टँकच्याच पाण्याने भरलेल्या टबात ठेवला, एअर स्टोनसकट. मग खालचा एक दगड अर्धा इंच उचलायला धाकट्या भावाला सांगितलं आणि मी त्याच्याखाली पाईप घातला, दोन जण लागतातच, एकट्याने करू नका. दीड वर्षापूर्वीचा तो काळा गाळ अजून तिथेच होता, पण या वेळी पाईपचं तोंड आधीच तिथे होतं, धुराची रेघ उठावी तशी एक काळी रेघ उठली आणि सरळ पाईपमध्ये गेली. वास आला, पण पाणी काळं झालं नाही. मग पीव्हीसी पाईपचे पाऊण इंचाचे तुकडे, वरची छपाई घासून काढलेले, तीन पायांसारखे ठेवून दगड थेट त्यांच्यावर, म्हणजे काचेवर भार येतो आणि खालून पाण्याचा प्रवाहही जातो. डगमगत असेल तर रीफवाली इपॉक्सी पुटी लावा.

शेवटचे दाणे कोपऱ्यात सिलिकॉनच्या कडेला अडकतात, ते ब्रशने सुटे करून ओढून घ्या. मॅग्नेट क्लीनर तळाच्या जवळ नेऊ नका, एक दाणा मधे सापडला की काचेवर कायमची ओरखड.

तळाला काही अंथरायचं का हा प्रश्न मला पडला होता. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या चॉपिंग बोर्डसारखी एचडीपीई शीट लोक घालतात, चांगली दिसते, पण ती पाण्यावर तरंगते आणि तिला सिलिकॉनही धरत नाही, दगडांच्या वजनाखाली दाबावी लागते, आणि कडेने तिच्याखाली घाण शिरतेच. मी काच उघडीच ठेवली. पहिले दोन महिने बोडकी दिसते हे खरं, मग कोरलाइन शेवाळाचे गुलाबी-जांभळे ठिपके धरायला लागतात.

काही जणांना भीती असते की वाळू काढली की केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, आणि कॅल्शियम पडेल, कारण वाळू विरघळून ते देते. पीएच ८.२ च्या रीफच्या पाण्यात अरागोनाइट विरघळत नाही, पाणी आधीच त्याने भरलेलं असतं. माझं केएच आधीही साडेआठ होतं, नंतरही साडेआठ. उलट एक गोष्ट कोणी सांगत नाही, वाळूने व्यापलेली जागा मोकळी होते. माझ्या टँकमध्ये साधारण आठ लिटर पाणी वाढलं, म्हणजे औषधाचे आणि डोसिंगचे, वरून घालायच्या द्रावणांचे, थेंब परत मोजावे लागतात.

वाळू गेल्यावर लगेच सगळं लख्ख होईल असं समजू नका. दगडसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटचेच, तेही चार वर्षांचं फॉस्फेट धरून बसलेत, ते आणखी दोन-तीन महिने सोडतात. मधे एकदा दगडावर लाल पट्टा आलाच, मी औषध टाकलं नाही, पाईपने ओढून घेतला, दोन वेळा आला आणि तिसऱ्यांदा आला नाही. आणि घाबरून जीएफओ भरभरून लावू नका, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्याला टेकले की डायनोफ्लॅजेलेट येतात, तपकिरी शेंबडासारखे तंतू, ते या लाल थराहून कितीतरी चिवट. मी नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास ठेवतो. वेव्हमेकर आता पूर्ण जोरात चालवता येतो, वाळूची वादळं उठत नाहीत, झेनिया पहिल्याच महिन्यात उघडून हलायला लागली.

काढलेली वाळू घमेल्यात साधारण वीस किलो भरली. शेजारच्या काकांनी प्लास्टरला मागितली, मी दिली नाही, मिठाची वाळू बांधकामात गेली तर सळई गंजते. कुंडीत, शेतात, केळीच्या बुडाशी तर मुळीच नाही, आणि खारं पाणीही नाही, नालीत सोडा. उलटा प्रश्नही येतो, परत कधी वाळू घालावीशी वाटली तर तापीची, गिरणेची चालेल का. नाही चालणार, ती आपल्या काळ्या खडकाची वाळू, चुन्याची नाही. कोकणात गेलात तरी किनाऱ्यावरून वाळू किंवा प्रवाळाचा दगड उचलून आणू नका, कठीण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून संरक्षित आहेत.

आता दर रविवारी काम एवढंच, वेव्हमेकर बंद करून पाच मिनिटं थांबायचं, घाण मागच्या उजव्या कोपऱ्यात आपोआप गोळा होते, तीच लेव्हलची ट्यूब लावायची, चार लिटर पाण्यात सगळी निघते. या मे महिन्यात एका दुपारी सव्वादोनला लाईट गेली ती पावणेसहाला आली, बाहेर ४४, टँक तीसच्या वर गेलेला. बॅटरीचा पंप बुडबुडे सोडत होता, मी तांब्या हातात घेऊनच बसलो होतो. कोणी वर आलं नाही. नवीन क्लीनर श्रिंप दगडाच्या कडेला मिशा हलवत बसला होता, क्लाउन त्याच्यापुढे तिरपा होऊन थांबलेला, आणि तो त्याचे कल्ले साफ करत होता.